जिंतूरचा कोल्हा आणि परदेशी नोटीस

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चहा ठेवला की कुणीतरी गेमचा विषय काढतं आणि चहा उतू जातो. गेम आता नाही. त्याचे किस्से मात्र वाढतच चाललेत, कारण आम्ही तिघंही दर वेळी थोडा मीठमसाला लावतो. इथं जमेल तेवढं खरं सांगतो.

तिघं म्हणजे मी, जिंतुरात पंधरा वर्षं क्लास चालवणारा. विठ्ठल, माझा जुना विद्यार्थी, आता माझ्याच क्लासमध्ये शिकवतो. आणि शबाना, शेजारच्या गाळ्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारी. ते दोघं लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर एक परदेशी गेम खेळायचे, आणि मी माझ्या मुलाबरोबर. त्यात लाल मफलर घातलेला एक कोल्हा उड्या मारत पळायचा. पुढं कंपनीनं तो बंद केला. विठ्ठलला त्याची इतकी आठवण यायची की दोन वर्षं खपून त्यानं तो नव्यानं बनवला. फक्त आमचा कोल्हा जिंतूर, सोनपेठ आणि पालममधून पळायचा. एक पैसा घ्यायचा नाही असं ठरलं होतं. फुकट वाटलं की गुन्हा होत नाही, अशी आमची भाबडी समजूत!

*

चित्रं शबानाची. बाईनं दहा वर्षं फक्त कलश, तोरणं आणि नवरा-नवरी काढलेली. तिनं जिंतूरचं एसटी स्टँड काढून आणलं, तर भिंतीला झेंडूच्या माळा आणि चौकशी खिडकीवर केळीचे खांब!

विठ्ठल म्हणाला, "शबाना, हे स्टँड हाय का मंगल कार्यालय?"

"स्टँडवर बी लोकं कुणाची तरी वाटच बघायलेत ना," ती म्हणाली. "असू दे जरा सजलेलं."

माळा तशाच राहिल्या.

*

गेम इंटरनेटवर टाकल्यावर महिनाभरानं पुण्याहून एका माणसाचा मेसेज आला. मूळचा सोनपेठचा, कुठल्याशा कारखान्यात कामाला. त्यानं लिहिलं होतं, "मी खेळत नाही. जेवणाच्या सुट्टीत कोल्ह्याला सोनपेठच्या स्टँडवर उभा करतो आणि डबा खातो."

खाली तक्रारही होती. "तुमच्या गेममधली बस टायमावर येते. तेवढी चूक दुरुस्त करा."

विठ्ठलनं इमानदारीत बसला उशीर करायला लावला. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास, कधी येतच नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आता गावाकडं आल्यासारखं वाटायलंय."

मला हसू आलं आणि पाठोपाठ पुण्यातला माझा मुलगा आठवला. तोही डबा कुठंतरी असाच एकटा खात असेल. त्या दिवशी मी त्याला उगाचच फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

*

आता आबा. आबा म्हणजे विठ्ठलचे वडील, पालमजवळच्या खेड्यात राहतात. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे पार गेले तेव्हा कळप विकावा लागला. त्यानंतर मेंढरं बसायची त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून बसून राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं.

विठ्ठलला ते बघवेना. त्यानं गेममधल्या पालमच्या भागात आबांचा कळप घातला. मोबाइलमधले जुने फोटो काढले आणि एकेक मेंढी जशी होती तशी शबानाकडून काढून घेतली. कुणाचं तोंड काळं, कुणाच्या पाठीवर पट्टा. मग आबांच्या हातात फोन दिला.

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ही बांडी. ही काळतोंडी. आरं, ही मुकी!" असं म्हणत एकेकीवर बोट ठेवत गेले. आणि एकदम त्यांनी फोन खाली ठेवला.

"इठ्ठला, मेंढरामागं कोल्हा सोडलास?"

आम्ही तिघं शहाणे, दोन वर्षं गेम करत होतो. कोल्हा कोकरं उचलतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि विठ्ठल तर मेंढरांतच वाढलेला! आबा काही केल्या फोनला हात लावेनात. शेवटी शबानानं कोल्ह्याच्या खांद्यावर घोंगडं टाकलं आणि हातात काठी दिली.

आबांनी बराच वेळ निरखलं. "आता ठीक हाय. पण नजर ठेवावी लागंल त्याच्यावर."

पुढचा घोळ वेगळाच. ओढा ओलांडून कोल्ह्यानं पुढं पळायचं, नाहीतर वेळ संपते. आबा शेवटची मेंढी अलीकडं असेपर्यंत पुढं जायचेच नाहीत, त्यामुळं दर वेळी हरायचे.

"आबा, टाईम संपायलाय, पळा पुढं."

"मागं एक राहिलीय. टाईमाला म्हणावं, थांब."

विठ्ठलनं पालममधलं घड्याळच काढून टाकलं. आबा पुन्हा दोन भाकरी खायला लागले.

*

मग त्या परदेशी कंपनीची नोटीस आली. चार पानं इंग्रजी. कोल्हा आमचा आहे, परवानगीशिवाय वापरलात, सात दिवसांत गेम उतरवा. एक कलम खास होतं: पात्राला मान्यता नसलेला पोशाख घातला आहे.

शबाना म्हणाली, "सर, घोंगडं उतरवू का?"

आम्ही आम्हाला ठाऊक असलेल्या पद्धतीनं उत्तर दिलं. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीचा शिक्का, तिघांच्या आधारच्या झेरॉक्स, विठ्ठलच्या गावच्या सरपंचांचा रहिवासी दाखला आणि प्रत्येकी दोन पासपोर्ट फोटो. मजकूर माझा: "मेहरबान कंपनी साहेब यांच्या सेवेशी." कोल्हा काढून माणूस ठेवतो, पण गेम राहू द्या, अशी विनंतीही केली. सगळं स्कॅन करून पाठवलं.

त्यांच्या वकिलाचं उत्तर फार सभ्य होतं. आपल्या प्रेमाची कदर आहे. पण गेमचा सगळा सांगाडाच आमचा असल्यानं कोल्हा काढून भागणार नाही. प्रत्येक प्रत नष्ट करून लेखी कळवावं. फोटोंची आवश्यकता नव्हती.

राग यायला हवा होता, पण कुणावर धरायचा? कोल्हा त्यांचाच होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि तरीही आमचं फार जात होतं.

*

इंटरनेटवरून गेम उतरवला. क्लासमधल्या कॉम्प्युटरवरून पुसला. आमच्या हातातली राहिली ती आबांच्या फोनमधली एक प्रत. विठ्ठलची एकट्यानं जायची हिंमत होईना, म्हणून आम्ही तिघं परभणीला बस बदलून निघालो.

विठ्ठल म्हणाला, "आबा, ज्यांचा कोल्हा हाय, ते मागायलेत. समदंच द्यावं लागतंय."

"मेंढरं बी?"

"मेंढरं बी."

आबांनी खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मंग सांगून दे. न सांगता कशी द्यायलास?"

मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करताना एकेकीची खोड सांगून द्यायची, ही आबांची रीत. कळप विकला तेव्हा घेणारा टेम्पो घेऊन आलेला. त्याला घाई होती. सगळी मेंढरं एका झटक्यात भरली आणि आबांचं ऐकून न घेताच निघून गेला. ते शल्य आबांच्या मनात तसंच होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आबा सांगत गेले, विठ्ठल लिहीत गेला. "बांडी पाण्याला भिती, तिला मधी घ्या. काळतोंडी पुढं चालती, तिला अडवू नका. मुकी वरडत न्हाई, दिसंना झाली तर हाका मारत बसू नका, जाऊन बघा." दुपार सरली तरी यादी चालूच होती. शेवटी आबांनी स्वतःच्या अंगठ्यानं गेम पुसला.

मी यादीचं जमेल तसं इंग्रजी केलं आणि लेखी कबुलीसोबत वकिलाला पाठवून दिली. पाठवताना मला थोडी लाजही वाटली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. विठ्ठलनं क्लासमधूनच आबांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मराठीत वाचून दाखवलं, "यादी मिळाली. तीत एकेचाळीस मेंढ्या आहेत. पुराव्यासाठी ठेवलेल्या तुमच्या गेमच्या प्रतीत आम्ही बेचाळीस मोजल्या. पांढऱ्या कानाची एक आहे, तिच्याबद्दल सांगायचं राहिलं का?"

पलीकडं नुसता वारा ऐकू येत होता. आम्हाला वाटलं फोन कटला.

"राहिलं न्हाई," आबा म्हणाले. "ती दिली न्हाई म्हणून लिव्ह."