चालू चक्की थांबवणारे मास्तर

मास्तरांनी शिट्टी फुंकली की चालू चक्की बंद व्हायची. दर रविवारी सकाळी दहाला, दर्यापुरात आमच्या वस्तीजवळच्या पिठाच्या चक्कीत हे घडायचं. पट्ट्याचा आवाज मंदावत जायचा, उडालेलं पीठ खाली बसायचं आणि ज्वारी-गव्हाचे डबे घेऊन आलेले आम्ही सगळे त्यांच्याकडे वळायचो. चक्कीवाले भाऊ भुवयांवरचं पीठ पुसत म्हणायचे, "वीस मिनिटं, मास्तर. मागच्या खेपी तुमच्या एका शब्दापायी लोकाईच्या भाकरी दुपारी झाल्या."

"भाऊ, तुमची चक्की दिवसभर बोलते. आमाले वीस मिनिटं बोलू द्या," म्हणत मास्तर उपड्या डब्यावर बसायचे आणि त्या दिवसाचा शब्द सांगायचे.

ते शाळेतले मास्तर नव्हते. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही मास्तर म्हणतात. त्यांची बहुतेक नोकरी अकोला-दर्यापूर गाडीवर झाली. प्रवाशांच्या बोलण्यातला एखादा शब्द आवडला की ते तो तळहातावर पेनाने लिहून घ्यायचे. घरी आल्यावर जेवणाआधी हात न धुतल्याबद्दल काकूंची बोलणी खायचे आणि मग तो शब्द वहीत उतरवायचे. निवृत्त झाल्यावर ती वही घेऊन ते चक्कीत आले.

त्यांचा नियम एकच होता. शब्द ज्याच्या हातचा, तो आधी बोलणार. मग पुस्तक. सगळ्यांत शेवटी मास्तर. 'झारा' या शब्दाच्या दिवशी त्यांनी हलवायाला उभं केलं. बुंदी पाडताना झारा कढईपासून किती उंच धरायचा, हे तो इतक्या तल्लीन होऊन दाखवत होता की मागून कोणीतरी हात पुढे केला. "प्रसाद नाही मिळत इथं," मास्तर म्हणाले. "नुसता अर्थ भेटते."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज पाहणारी पहिलीच. एका रविवारी मास्तर मला म्हणाले, "पोरी, पुढच्या खेपी निंदण. तू मांड." मी आठवडाभर कॉलेजच्या वाचनालयात शब्दकोश चाळले आणि चार पानं लिहिली. दोन मैत्रिणींनाही बोलावलं. एक गोष्ट मात्र विसरले, किंवा विसरायचं ठरवलं. माझी आई रोजाने निंदायला, लोकांच्या शेतातलं तण उपटायला जायची आणि मैत्रिणींना मी सांगितलं होतं की ती घरीच असते.

रविवारी मी वाचायला उभी राहिले. पहिलं वाक्य संपायच्या आत शिट्टी वाजली.

"थांब. आधी हात कोनाचा?"

"इथं निंदणारं कोणी नाही, मास्तर," मी म्हणाले.

आई माझ्यापासून तीन पावलांवर, रांगेत ज्वारीचा डबा घेऊन उभी होती. मास्तरांना ते माहीत होतं. शिट्टी खिशात घालून वाट पाहत बसले.

आईने डबा खाली ठेवला. "जयभीम, मास्तर. मी आहो ना."

मग ती बोलली. "केना उपटून जागीच टाकला, का पाणी पडल्यावर त्याच्या कांडीकांडीले मुळं फुटते. मंग मालकीण म्हणते, कालच तं निंदलं होतं. म्हणून तो पदरात भरून धुऱ्याबाहेर, बांधापलीकडे नेऊन टाका लागते. अर्धं निंदण हातानं होते, अर्धं पायानं." बसून बसून पुढे सरकायचं कसं, तेही तिने तिथेच पिठाळ जमिनीवर दाखवलं. बाया हसल्या आणि आपापल्या शेतातली तणं सांगू लागल्या. माझ्या मैत्रिणी तिला प्रश्न विचारत होत्या. शेवटी आई म्हणाली, "आता माह्या पोरीनं पुस्तकातलं आणलं, तेही आयका."

मी वाचलं. चारपैकी एकच पान वाचलं गेलं. मास्तर शेवटी एवढंच बोलले, "आज माह्यासाठी काही उरलं नाही. भाऊ, चक्की लावा."

घरी जाताना मी आईची माफी मागायला तोंड उघडलं. "डबा धर," ती म्हणाली. "दळण गरम आहे, अंगाले लावू नको."

दोन वर्षांनी मास्तर मुलाकडे अमरावतीला राहायला निघाले. शेवटच्या रविवारी लोकांनी शब्द निवडला 'डबल बेल', कंडक्टरची गाडी सोडायची खूण. नियमाप्रमाणे आधी बोलायची पाळी त्यांची आली. उठून उभे राहिले. "डबल द्यायच्या आधी मांगच्या दारात पाहा लागते," ते म्हणाले. "कोनाचा एक पाय खाली असते." तेवढ्यावरच थांबले. मग शेवटी कोण बोलणार, असा प्रश्न आला. मास्तरांनी आईकडे पाहिलं आणि शिट्टी तिच्या हातात दिली.

आता मी अकोल्याला शिक्षिका आहे. नवीन शब्द आला की मी आधी विचारते, हे काम कोणाच्या घरी होतं? हात वर येतात. कधी उशिराने, पण येतात.

रविवारी दुपारी अमरावतीहून मास्तरांचा फोन येतो. "आज शब्द कोनता होता?"

दर्यापूरच्या चक्कीतलं, आईकडून फोनवर ऐकलेलं मी सांगते.

"अन् शेवटी कोन बोललं?"

"आई."

"मंग चालू दे," म्हणतात आणि काकूंनी जेवायला हाक मारली म्हणून फोन ठेवतात.