शुगरवाल्या मामी

मामी गोड बोलू लागल्या की खातीपुऱ्याच्या आमच्या रेल्वे कॉलनीत घबराट पसरायची. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे लवंगी मिरची. पण रक्तातली साखर उतरली की ती थेट जिभेवर चढायची. मग दूधवाला 'राजा' व्हायचा आणि मामांना 'अहो, किती दमलात' ऐकायला मिळायचं. एवढं कानावर पडताच मामा पेपर टाकून साखरेच्या डब्याकडे धावायचे.

मामी आमच्या शेजारच्या, मूळच्या वर्ध्याच्या, मामांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी या हिंदी मुलखात आलेल्या. कित्येक वर्षं इन्शुलिनवर होत्या, आणि तरी दर रविवारी सकाळी पायवाटेने शहरालगतच्या नाहरगड किल्ल्याचा डोंगर चढायच्या. मला ऐन विशीत डायबिटीस निघाला, तेव्हा आईने गुळाचा डबा लपवला आणि मी माझे ट्रेकिंगचे बूट. आता संपलं सगळं, असं म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामी दार न वाजवताच आत आल्या.

"काऊन वं, बूट कुठी आहे तुये?"

"मामी, मला शुगर झालीये."

"मग मले का मिठाची बिमारी आहे? शुगर रक्तात असते, गुडघ्यात नाही. ऊठ!"

डॉक्टरांना विचारून झालं आणि आमचे रविवार सुरू झाले. पायथ्याशी आधी बोट टोचून शुगर बघायची, मग मोजे काढून एकमेकींची पावलं तपासायची. फोड नको, ओरखडा नको. त्यांचं पाऊल माझ्या मांडीवर आणि मी चष्मा लावून त्यांची बोटं न्याहाळतेय, असं बघून एका फिरायला आलेल्या गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "आंटीजी, ये कौन सी पूजा है?"

"शुगर माता की है, भैया. बस, प्रसाद नहीं मिलता," मामी म्हणाल्या.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे प्रत्येकीजवळ स्वतःची ग्लुकोजची पुडी हवीच. "एका पिशवीवर दोघींचा जीव नाही ठेवायचा," असं त्या म्हणायच्या. मला पुडीची लाज वाटायची. माझ्या सीतापुऱ्याच्या ऑफिसात ती पर्समधून पडली तर लोक काय म्हणतील, असं वाटे.

एका रविवारी अर्ध्या चढावर माकडाने मामींची पिशवी पळवली. ग्लुकोज, खजूर, पोळीची गुंडाळी, सगळं गेलं. मामी काठी उगारून त्याच्यामागे अशा धावल्या की मी पोट धरून हसत बसले. बऱ्याच वेळाने त्या घामाघूम होऊन परतल्या, दगडावर टेकल्या आणि झाडावरच्या चोराकडे मायेने बघत म्हणाल्या, "खा रे सोन्या. किती दमला असशील."

गोड बोलणं! मी ताडकन उठले. मी खिशातली पुडी फोडून बाटलीतल्या पाण्यात ढवळली.

"मामी, प्या."

"तूच पी वं माय. किती बारीक झाली. परीसारखी दिसून राहिली."

"मामी, प्या!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्या दचकल्या आणि शहाण्या लेकरासारख्या घोट घोट प्यायल्या. खाली शहर उन्हात पसरलं होतं, वर माकड पोळी खात होतं आणि मी त्यांचा हात धरून फक्त वाट पाहत होते. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे वटारले.

"तोंडाकडे काय पाहून राहिली, येडे? मशीन काढ, आकडा पाह्य!"

त्या शिव्यांनी मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. आकडा वर आला होता. माझ्याकडची बिस्किटं खाऊन आम्ही हळूहळू खाली उतरलो. "डोंगर का बदली होऊन जाते?" असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी आम्ही माथ्यावर होतो. मी तिथे पेशंट म्हणून नाही, मामींची सोबतीण म्हणून पोहोचले होते.

डोंगराची बदली झाली नाही, पण मामांची नोकरी संपली. वर्ध्याला निघताना मामी रडल्या नाहीत. गाडीच्या डब्याच्या दारातून त्यांनी माझ्या आईलाच दम भरला, "पोरीले घरी बसवलं तर मी परत येईन!"

गेल्या वर्षी मी उत्तराखंडात एक खिंड चढायला निघाले होते. शेवटच्या गावाबाहेर फोन वाजला. पलीकडे रेल्वेच्या घोषणा आणि जोरदार धाप.

"मामी, कुठे आहात?"

"स्टेशनच्या पुलावर. घराजवळ डोंगर नाही ना, तर रोज हा जिनाच चढून राहिली. आता चार बाया मागं लागल्या. साऱ्या शुगरवाल्या! तू कुठी हाय?"

"मीपण चढतेय."

"मग थांबू नको. बोलत चाल."

तेवढ्यात रेंज गेली. मी चालत राहिले, आणि खूप वेळ बोलतही राहिले.