मायने सोडलेली तंबाखू

व्यसनमुक्ती समुपदेशकाचा कोर्स मी वाशीमला केला. वर्ग शनिवार-रविवारी असायचा. मेडशीहून सकाळची एसटी धरायची, जागा मिळाली तर वही चाळायची, नाही मिळाली तर दांडा धरून उभं राहायचं. वर्गातल्या बहुतेकांच्या घरात कुणीतरी पिणारं होतं. माझ्या घरात तसं कुणी नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझं लग्न जुळत नव्हतं, घरात माय आणि मी दोघंच. मी स्वतः मात्र दिवसाला चार-पाच खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेल्या पुड्या, खायचो आणि वर्गात शिरण्याआधी स्टँडवरच्या नळावर खळखळून तोंड धुवायचो.

शिकवायला अकोल्याहून एक मॅडम यायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी असाइनमेंटचा कागद वाटला. आम्हाला वाटलं, नेहमीसारखे प्रश्न असतील. पण कागदावर नुसती कामं होती: देशीच्या दुकानासमोर तासभर बसून जे दिसेल ते लिहा; दारू सुटलेल्या माणसाशी बोला; आपली एक सवय तीस दिवस सोडा आणि रोजचं रोज वहीत उतरवा. अशी बरीच.

"यातली कोणतीही तीन निवडा," मॅडम म्हणाल्या. "यातलं काहीच नको असेल तर स्वतःचं सुचवा. फक्त हेच का निवडलं, ते मला खरं सांगायचं."

मी सवयीचं काम निवडलं, सोपं म्हणून. चहा सोडतो, असं लिहून दिलं. मॅडमनी कागद वाचला, मग माझ्या दातांकडे पाहिलं.

"चहाच?"

एवढंच विचारलं त्यांनी. मी कागद परत घेतला, चहा खोडला आणि खर्रा लिहिलं.

घरी आलो तर माय ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली. "येवढे पैसे भरून हेच शिकवून राह्यले का तुले?" मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुले एकट्याले जमनार नाही बापू. मी बी सोडतो तुह्यासंगं."

मायची तंबाखू मी जन्मल्यापासून पाहत आलो होतो. तळहातावर चुन्यासोबत मळायची आणि डाव्या गालात धरायची. त्या गालाला कायमचा फुगवटा होता. तो तिच्या चेहऱ्याचाच भाग आहे, असं मी लहानपणी समजायचो. तिने कमरेची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ने, लपवून ठेव. मले सांगू नको कुठं ठेवली ते."

तिला लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी मी वही घेऊन बसायचो. उजव्या पानावर माझं, डाव्या पानावर ती सांगेल ते. माझ्या पानावर मोठमोठे शब्द असायचे, वर्गातून आणलेले. तिच्या पानावर दुसऱ्या दिवशी होतं, "डोकं दुखलं. शेजारणीवर उगाच खेकसलो." चौथ्या दिवशी, "निंदायले गेलो. बाया तंबाखू मळून राह्यल्या होत्या. मी वावराच्या धुऱ्यावर दूर जाऊन बसलो." तिचं पान माझ्यापेक्षा खरं आहे, हे मला कळत होतं. थोडी लाजही वाटायची.

नवव्या दिवशी मी तिला वर्गात शिकवलेला प्रश्न विचारला. पहिल्यांदा कधी घेतली?

तिने आधी पदर सावरला. मग म्हणाली, "तुह्या आंधी एक पोरगी होती मले."

मी एकतीस वर्षांचा होतो. हे मला कुणीही कधी सांगितलं नव्हतं.

"आठ महिन्याची होऊन गेली. ताप आला अन् दोन दिवसात गेली. मी रडतच राह्यलो, काम होत नव्हतं. तवा तुह्या आजीनं हातावर चिमूट ठेवली. म्हने, धर गालात, रडू येत नाही." तिने वहीकडे बोट केलं. "अन् खरंच नाही आलं. लिव."

मी लिहिलं. त्या पोरीचं नाव काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारू म्हटलं, आणि मग मागे राहिलं.

तेराव्या दिवशी जेवताना तिने ठेचा बाजूला सारला. भाकरी दुधात कुस्करली. मी विचारलं, तर म्हणाली, "आग होते तोंडात. तंबाखू होती तवा येवढं कळत नव्हतं."

आदल्याच रविवारी मॅडमनी तोंड तपासायची एक साधी रीत दाखवली होती. तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालून पाहायची; गेली नाहीत तर डॉक्टरला दाखवायचं. मी हसत-हसतच मायला म्हटलं, घाल बरं. तिने प्रयत्न केला. एक बोट गेलं. दुसरं अडकलं.

"कवापासून होतं असं?"

"झालं असंन वर्ष." मग माझ्याकडे पाहून, "काहून रे? असं काहून पाहून राह्यला?"

मी मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. डाव्या गालात आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम. व्यसनाची लक्षणं पाठ करत होतो मी तेव्हा, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईच्या तोंडात काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

अकोल्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. आठवड्याने बोलावलं. डॉक्टर कॅन्सरचं समजावून सांगत होते. मी मान हलवत होतो. परत येताना मायला स्टँडच्या बाकावर बसवलं, पाणी आणतो म्हणालो, आणि पानठेल्यावर जाऊन खर्रा घेतला. सोडून बावीस दिवस झाले होते. पाण्याची बाटली घेऊन परतलो तेव्हा गाल भरलेला होता. मायने ते पाहिलं. बस अकोल्याबाहेर पडली तेव्हा हळूच म्हणाली, "वहीत लिवशीन ना हे?"

"लिहितो."

"खरं लिव. तुह्या मॅडमनं खरंच मांगतलं हाय."

मी लिहिलं. आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तिने मात्र तंबाखू एकदाही घेतली नाही. नागपूरला किरणांचा शेक चालू असताना तोंड सोलून निघालं होतं, पाणीही चमच्याने पाजावं लागायचं, तेव्हाही नाही. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, माय, आता कशाला, पाहिजे तर घे चिमूटभर. तिने मानेनेच नाही म्हटलं.

तिची पानं वर्गात वाचू का, हे बोलता येत होतं तेव्हाच मी तिला विचारून ठेवलं होतं. मॅडम सांगायच्या, दुसऱ्याचं बोलणं वर्गात न्यायचं तर आधी त्याला विचारा. मला वाटलं, पोरीचं पान ती वगळायला सांगेल.

"तेच वाच," ती म्हणाली. "येवढे दिवस कोनीच नाही आयकलं."

पेरण्या आटोपल्या आणि माय गेली. महिन्याभराने मी वही घेऊन वर्गात उभा राहिलो. माझी पानं वाचलीच नाहीत, फक्त तिची वाचली. नवव्या दिवसाला आवाज फुटेना, तेव्हा मॅडमनी वही घेऊन तेवढं पान स्वतः वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनसिंगहून येणारी एक बाई पदराने डोळे पुसत होती. वर्ग सुटल्यावर तिने माझ्याकडून वहीचा नमुना मागून घेतला. सासूसाठी, म्हणाली.

राहिलेली दोन कामं मी नंतर पूर्ण केली. आता रिसोडला एका लहानशा केंद्रात काम करतो. माय गेल्यानंतर दोनदा खर्रा खाल्ला, तेही मॅडमना कळवलं. संध्याकाळी घरी येऊन स्वतःच चूल पेटवतो. तिच्यासाठी बिनतिखटाचं वरण करायची सवय लागली होती. अजून तसंच करतो, आणि एकट्याने पातेलंभर संपत नाही.