फितुराच्या लेकीचं लग्न

दरबारात मानकऱ्याचं काम म्हणजे उभं राहणं. सकाळी फेटा डोक्यावर चढला की संध्याकाळी उतरेपर्यंत माणूस उभाच. बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंकायचं तर अजिबात नाही. अशा माणसाजवळ किस्से आपोआप गोळा होतात, जसे दुकानात बसणाऱ्याजवळ उधारीवाले!

शाहूपुरीतलं आमचं पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान आता मुलगा बघतो. मी ऐतिहासिक मालिकेत मानकरी आहे. शहराबाहेर एका मोठ्या शेडमध्ये आमचं राज्य आहे. राजवाडा पुढून संगमरवरी, मागून प्लायवूड. मी रोज डायरी लिहितो, पण या नोकरीत पेन पहिल्याच ओळीवर अडतं. ‘आज महाराज रागावले’ असं लिहायचं, की ‘आज नाशिकच्या पोराने तीन वेळा संवाद चुकवला’ असं? दोन्ही खरंच असतं.

* * *

पहिल्याच दिवशी आम्हाला दरबारात उभं करायचं होतं. आमच्यात पेठ वडगावचे तात्या होते, मिरचीचे व्यापारी. बोलायला ठसकेबाज, उंचीला बेताचे. त्यांनी असिस्टंट मुलीला विचारलं, “बाई, सिंहासनाजवळ मान कुणाचा? वतनदाराचा का सरदाराचा?”

ती म्हणाली, “काका, बुटक्यांचा! उंच माणसं मागे जा, नाहीतर कॅमेऱ्याला कुणीच दिसणार नाही.”

राज्याचा सगळा मानमरातब त्या एका वाक्यात ठरला. तात्या थेट सिंहासनाशेजारी गेले. सहा फुटी मी खांबाआड, जवळजवळ पदच्युत!

तात्या खूश. म्हणाले, “बघा, उंची असून उपेग न्हाय. पायरी पायजे!”

* * *

आमचे महाराज नाशिकचे, पंचवीस-सव्वीस वर्षांचे. शिकून इंजिनिअर झालेले. पोरगं गुणाचं. सकाळी आलं की तात्यांच्या पाया पडतं. मग मेकअप होतो, जिरेटोप चढतो आणि तात्या त्याला मुजरा करतात. इथवर हिशेब सरळ होता.

एकदा ते अर्धवट तयारीतच चहाच्या रांगेत आलं. वर जिरेटोप आणि मोत्यांचा तुरा, खाली बर्म्युडा आणि स्लिपर. तात्या समोर. आता आशीर्वाद द्यायचा का मुजरा घालायचा? पोरगंही गोंधळलं. वाकावं की मान ताठ ठेवावी?

तात्यांनी आधी मुजरा घातला. मग त्याच हाताने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “महाराज, उपाशीपोटी चहा नगं. जा, आधी पोहे खा!”

महाराजांनी आज्ञा पाळली.

* * *

दरबाराचा एक रिवाज आहे. सिंहासनाला पाठ दाखवायची नाही, मुजरे घालत उलट्या पावलांनी बाहेर पडायचं. दिवसभर तेच केल्यावर अंगात मुरतं.

सीमाभागातून येणारे आमचे अण्णा कापड दुकानदार. घरात कन्नड, गिऱ्हाईकाशी मराठी आणि दरबारात गप्प. ते गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. तपासणी झाली, औषध लिहून दिलं. अण्णा उठले आणि वाकत वाकत मागे सरकत केबिनबाहेर पडले, ते थेट बाकावर बसलेल्या एका बाईंच्या मांडीवर!

डॉक्टर धावत बाहेर आले. “अण्णा, तोल कधीपासून जातोय?”

अण्णा म्हणाले, “दसऱ्यापासून. मानकरी झाल्यापासून.”

डॉक्टरांनी गुडघा सोडून डोक्याच्या तपासण्या लिहून दिल्या.

* * *

एकदा आसपासच्या गावांतल्या बायका राणीसाहेबांची ओटी भरायला आल्या. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. मालिकेत राणीसाहेबांना त्यांच्या सासूबाई, म्हणजे राजमाता, फार छळतात. या दोघी नट्या शेजारी शेजारी बसून एकाच डब्यातला वडा खात होत्या.

एका बाईने राजमातेलाही कुंकू लावायला हात पुढे केला, तशी दुसरी कडाडली, “हिला नगं! काल सुनंला उपाशी ठेवलंया हिनं!”

राजमातेने हातातला वडा हळूच डब्यात ठेवला. राणीसाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिकडून दिग्दर्शक ओरडले, “मॅडम, आत्ता रडू नका, अश्रू दुपारी लागणारेत!”

* * *

आता तात्यांची गोष्ट, जिच्यामुळे आमच्या दरबाराची झोप उडाली.

मालिकेत किल्ला पडायचा होता. त्यासाठी फितूर हवा. दिग्दर्शक म्हणाले, “रोज सिंहासनाजवळ दिसणारा तो बुटका चेहरा घ्या. लोकांच्या ओळखीचा आहे.” तात्यांना संवाद मिळाला. “दरवाजा उघडा.” एवढाच! पण तात्यांनी सगळ्या युनिटला पेढे वाटले आणि पेठ वडगावात दिसेल त्याला सांगितलं, “आज रातच्याला बघा, मी बोलणार हाय!”

सगळ्यांनी बघितलं. तात्यांनी शत्रूकडून मोहरांची थैली घेतली, दरवाजा उघडला, किल्ला पडला.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्या मावशी दूध ओतता ओतता म्हणाल्या, “तात्या, तुम्ही असं कराल असं वाटलं न्हवतं.”

“अगं मावशे, नाटक हाय ते!”

“व्हय की. पर थैली घेताना हासला किती!”

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण तात्यांच्या लेकीचं, सुनीताचं, लग्न नेसरीला ठरलं होतं. सुपारी फुटली होती. व्याही आप्पा शेतकरी माणूस, मोजकं बोलणारे. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही मेकअपला बसलो होतो. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“तात्या, आमच्या गावच्या मातीत लढाई झालीया, सात वीरांचं रगत सांडलंया. ठाव हाय नव्हं?”

“ठाव हाय की आप्पा. पर मालिका हाय ती.”

“मला ठाव हाय. गावाला कोण सांगणार? एसटी स्टँडवर पोरं इचारत्यात, ‘आप्पा, फितुराची लेक आणताय, घराला कुलूप बळकट हाय का?’ मी काय बोलू, सांगा.”

तात्यांनी फोन ठेवला. सुनीता घरात गप्प गप्प असते, जेवत नाही, एवढंच त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. मिरचीच्या पोत्यासारखा भक्कम माणूस, पण त्या दिवशी मिशी उलटी लावून बसला.

* * *

तात्या दिग्दर्शकांकडे गेले. आधाराला मी आणि अण्णा.

“साहेब, थैली न्हाय घेतली असं करा की. शत्रूनं पोरंबाळं धरली, म्हणून दार उघडलं. नाइलाज!”

“तात्या, थैली घेतलेली लोकांनी बघितलीय.”

अण्णा म्हणाले, “मग थैली घेणारा जुळा भाऊ होता असं करा. अदलाबदल.”

दिग्दर्शकांनी अण्णांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. वाटलं, चिडले. पण ते कागदावर लिहून घेत होते! शेवटी म्हणाले, “नको. फितूर पकडू आणि कडेलोट करू. पुढच्या आठवड्यात तात्या संपले. मग लोक विसरतील.”

तात्यांचा चेहरा उजळला. “सुटलो!”

बाहेर आल्यावर अण्णांना शंका आली. “तात्या, पण लग्नाआधी कडेलोट झाला, तर नेसरीकर सुतक धरणार नाहीत ना?”

मी हसायला तोंड उघडलं. पण दोघंही माझ्याकडे उत्तरासाठी बघत होते. तेव्हा मलाही वाटलं, धरतील का? त्या दिवशी डायरीत मी हा प्रश्न लिहिला आणि उत्तरासाठी जागा सोडली. ती अजून मोकळी आहे.

* * *

कडेलोटाचं शूटिंग होतं त्याच सकाळी आप्पा शेडवर आले. डोक्याला पटका, हातात पिशवी. पिशवीत सुपारीला दिलेला नारळ आणि शाल. परत द्यायला आणले होते. फोनवर मोडणं बरं दिसत नाही म्हणून स्वतः आले.

पण तात्यांना तोवर साखळदंड घालून आत नेलं होतं. असिस्टंट मुलीने आप्पांना कॅमेऱ्यामागच्या खुर्चीवर बसवलं. “काका, शॉट संपला की भेटा. तोवर आवाज नको.”

आप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले.

लाइट लागले. भालदार ओरडले. तात्यांना दरबारात आणलं. डोक्यावर पगडी नाही, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर काळा रंग. त्यांना नुसतं मान खाली घालून गुडघ्यावर बसायचं होतं. ते बसले. पण मान खाली घालताना त्यांना समोर आप्पा दिसले आणि मांडीवरची पिशवी दिसली. तात्या रडायलाच लागले. काळा रंग गालावरून ओघळायला लागला. खांबाआडून मला कळेना, हे स्क्रिप्टमध्ये आहे की नाही.

महाराजांनी आवाज चढवला. “स्वराज्याशी बेइमानी करणाऱ्याला एकच शिक्षा! याचा...”

आणि थांबले. संवाद विसरले, की समोरचा म्हातारा खराच रडतोय हे बघून अडखळले, कोण जाणे.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उठले. पायातल्या वहाणा काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि वायरी ओलांडत सरळ दरबारात आले. कुणी अडवलं नाही. सिंहासनासमोर उभं राहून त्यांनी तीन मुजरे घातले.

“महाराज, माणूस चुकला. पर पोरीचा काय गुन्हा? लगीन तोंडावर आलंया. माझ्या जामिनावर सोडा.”

महाराजांनी दिग्दर्शकांकडे पाहिलं. दिग्दर्शक मॉनिटरला डोळे लावून बसले होते. ‘कट’ म्हणेनात. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी हात जोडलेले.

महाराज सिंहासनावरून उठले. नाशिकचा आवाज की महाराजांचा, मला सांगता येणार नाही. म्हणाले, “आपला शब्द आम्हाला मान्य आहे. सोडा त्यांना.”

भालदारांनी साखळदंड काढला. आप्पा तात्यांजवळ गेले, दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि सगळ्या दरबाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “व्याही, असं परत करायचं न्हाय बघा.”

तात्यांनी दोन्ही कानांना हात लावला.

“न्हाय आप्पा. चुकलं माझं. परत न्हाय!”