नमुना बाटला

"तू मागच्या जिन्यानं जा."

बाईंनी बोट दाखवलं. धंतोलीतला दुमजली बंगला. पुढच्या दारातून आमचं मशीन आत गेलं. मशीन उचलणारा चपराशी गेला. माझे साहेब गेले. मी उंबऱ्याशी आले तेव्हा बाईंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "जयभीमवाले का तुम्ही?" मी हो म्हटलं. मग ते बोट.

घरामागे लोखंडी गोल जिना होता. वरच्या मजल्यावरच्या संडासाची टोपली न्यायला माणूस यायचा, त्याच्यासाठी केलेला.

मी साहेबांकडे पाहिलं. ते सोफ्यावर बसले होते. हातात चहाचा कप. रसायनशास्त्रातले डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले. मला वाटलं, बोलतील काही. ते म्हणाले, "जा ना. जिना तो जिना."

मी गेले.

मला बाईंची किळस आली, साहेबांची आली. पण सगळ्यात जास्त माझीच आली. आजही येते. एम.एस्सी. झालेली बाई, दोन्ही हातांत काचेच्या बाटल्या धरून, तोंडातून शब्द न काढता त्या जिन्यानं वर गेली. पायऱ्यांवर घाण वाळून घट्ट झाली होती. साडीचा काठ तिला लागला. मी श्वास रोखून चढले. वर पोचते तर खालून हाक आली, "वड्यांना हात लावू नको गं!" गच्चीवर मुगाच्या वड्या वाळत होत्या. त्यांच्यावर बारीक काळी भुकटी बसली होती. तिला कुणी आडनाव विचारलं नव्हतं.

एकोणीसशे सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. आमचं काम हवा तपासायचं. मशीन दिवसभर हवा ओढायचं आणि पांढऱ्या कागदावर धूळ अडकायची. कागदाचं वजन आधी करायचं, नंतर करायचं. बाटलीतल्या पाण्यातून हवा सोडली की धुरातला गंधकाचा वायू त्यात उतरायचा. तोही मोजायचा. हिवाळ्यात धूर वर जात नाही, थंड हवेखाली दबून बसतो. म्हणून सबंध हिवाळा नमुने घ्यायचे ठरलं.

जागा दोन. एक तो बंगला. दुसरी, वीजघराच्या चिमणीचा धूर वाऱ्यानं जिकडे जायचा तिथली. ती आमची वस्ती होती. साहेब तिथे एकदाही आले नाहीत. म्हणाले, "तिकडचं तू बघ. तुला सवय आहे."

सवय. भातात राख कचकन दाताखाली यायची. धुतलेलं धुणं दोरीवरच मळायचं. बायका ताटावर ताट झाकून जेवायच्या. थुंकलं तर करडं थुंकायचं. हे सगळं मी जन्मापासून पाहिलं होतं आणि मलाही वाटायचं, असंच असतं.

वस्तीतल्या शाळेच्या छपरावर मी मशीन बसवलं. शेजारच्या सखूमावशीनं शिडी धरली. मावशी वीजघराच्या राखेच्या ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा वेचून विकायची. सबंध दिवस त्या ढिगावर. ती खोकायला लागली की पाठ धनुष्यासारखी वाकायची. एकदा खोकून तिनं पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. काळा, चिकट गोळा.

"पाय वं, काय निंघून राहिलं छातीतून. डाक्टर म्हन्ते, बिडी सोड. म्या कधी बिडी ओढली? तुले तं मालूम हाय."

मला माहीत होतं. तिनं आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

"तू हवा मोजून राहिली ना? मंग लिहून दे. आमी बोंबलतो, आमचं कोन आयकते? तुह्या कागदाचं आयकतीन."

वस्तीचा एक अर्ज तयार होता. राखेवर पाणी मारा, ढिगारा झाका, चिमणीतली राख अडवायची यंत्रणा चालू ठेवा. एवढंच मागणं. पुरावा नव्हता. मी मावशीला शब्द दिला, कागद देईन.

हिवाळाभर मी दोन्हीकडे फिरले. बंगल्यावरचा कागद मळकट निघायचा. वस्तीतला तव्याच्या बुडासारखा. एकेक कागद मी चिमट्यानं उचलला, काचेच्या भांड्यात सुकवला, तराजूवर ठेवला. तराजूच्या खोलीत मी श्वाससुद्धा जपून घ्यायची. एकही आकडा अंदाजानं लिहिला नाही.

मग धूळ मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पाहतच राहिले. गोल गोल मणी. काचेचे, चकचकीत, मोहरीपेक्षा शेकडो पटीनं बारीक. कोळशाच्या भुकटीतली माती प्रचंड उष्णतेत वितळली तरच असे मणी होतात. चुलीतून, शेकोटीतून ते निघत नाहीत. चिमणीनं आमच्या कागदावर सहीच केली होती.

मी अहवाल लिहिला. दोन ठिकाणांचे दोन तक्ते. साहेबांकडे नेला तेव्हा त्यांच्या खोलीत आमचे दोघे सहकारी बसले होते. साहेब त्यांना अहो-जाहो करायचे. मला एकेरी.

साहेबांनी बंगल्याचा तक्ता वाचला. मान हलवली. वस्तीचा पाहिला आणि कागद टेबलावर टाकला.

"हे घालता यायचं नाही. तुमच्याकडे चुली, शेणी, डुकरं. नमुना बाटला तुझा."

बाटला. प्रयोगशाळेत आम्ही 'दूषित' म्हणायचो. हा शब्द त्यांनी घरून आणला होता. दोघे सहकारी हसले. एकानं तर तोंडावर रुमाल धरला.

मी म्हटलं, "सर, एकदा मायक्रोस्कोपमधून बघा."

ते उठले. मी आधी भिंगातून पाहून धुळीची काचेची पट्टी नीट लावली आणि बाजूला झाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. माझा डोळा जिथे टेकला होता ती काच पुसली. एकदा. मग तोंडाची वाफ देऊन परत एकदा. मग डोळा लावला.

बराच वेळ बघत होते. त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलंय. ते सरळ झाले, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "नमुने दूषित, असा शेरा लिही. खाली सही कर."

  आडनाव ऐकून तोंड फिरवणारे मी खूप पाहिले होते. हा माणूस डोळ्यांनी बघून खोटं लिहायला सांगत होता, आणि ते खोटं माझ्या हातानं हवं होतं.

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं.

"काय?"

"नमुने मी घेतले. वजन मी केलं. ते दूषित नाहीत. दूषित तुम्ही लिहा. तुमच्या सहीनं."

सहकाऱ्यानं तोंडावरचा रुमाल खाली घेतला. साहेबांचा आवाज खाली आला. "कोट्यातून आलीस, विसरू नकोस."

"कोट्यातून आले सर. आकडे कोट्यातून नाही आले."

 मी टेबलाला धरून उभी राहिले. मागे सरले नाही. वस्तीच्या तक्त्याखाली मी लिहिलं, 'हे नमुने निर्दोष आहेत', आणि त्यांच्यासमोर पूर्ण नावानं सही केली.

तो कागद अहवालातून काढून टाकला गेला. बंगल्याचा तक्ता छापला गेला, साहेबांच्या नावानं. मला हवेच्या कामावरून काढून काचेची भांडी धुवायच्या खोलीत बसवलं. तक्त्याची माझ्या हातची नक्कल मी वस्तीच्या अर्जाला जोडली. अर्ज गेला. पोच आली, उत्तर आलं नाही. सखूमावशी उन्हाळ्यात गेली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, धूम्रपान. तिच्या लेकीला वाचता येत नव्हतं, तिनं मला वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं. लेक म्हणाली, "मायनं कुठं ओढली होती वं?"

त्या दिवशी रडायला आलं नाही.  एका खोट्या कागदानं दुसऱ्या खोट्या कागदाला जागा करून दिली होती, आणि पहिला कागद, वस्ती गाळलेला अहवाल, माझ्या खात्यातून निघाला होता.

आता मला मशीन कुणी देत नाही. नको देऊ देत. काचेच्या पट्टीला व्हॅसलीन फासून छपरावर ठेवलं तरी राख चिकटते. दहा छपरांवर दहा पट्ट्या ठेवल्यात मी. सखूमावशीची लेक रोज त्या उतरवते, प्रत्येकीवर तारखेचं चिन्ह करते. ती आकडे शिकून राहिली आहे. काम सुटल्यावर प्रयोगशाळेच्या मायक्रोस्कोपखाली मी मणी मोजते. मोजलेलं मराठीत लिहिते, वस्तीत वाचून दाखवते, अर्जाला जोडते. नवा अर्ज, परत अर्ज.

मला कुणाची दया नको, शाबासकी नको. मी मोजणार. जे दिसलं तेच लिहिणार. आणि प्रत्येक पानाखाली माझं नाव असेल, आडनावासकट.