सकाळी न लागणारं दार

टॅक्सीचं पासिंग दुसऱ्यांदा नापास झालं, तेव्हा मोटार खात्याच्या साहेबानं डावीकडचं मागचं दार तीनदा आपटून लावून बघितलं. तिन्ही वेळा ते हळूच परत उघडलं. "पंधरा दिवस देतो," तो म्हणाला. "पुन्हा सकाळी आठला यायचं. तेव्हाही असंच असेल तर ही गाडी रस्त्यावर येणार नाही." त्याचं काही चुकत नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी त्याला, त्याच्या टोपीला आणि त्याच्या वहीला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

गिरणीतली बदलीची नोकरी सोडून मी ही टॅक्सी घेतली होती. लढाईच्या आधीची विलायती गाडी, वयानं माझ्याहून थोडीच लहान. वडील गेल्यावर काळाचौकीच्या खोलीत आई आणि मी, दोघंच राहत होतो. गाडी बंद झाली असती तर मला पुन्हा गिरणीच्या फाटकावर उभं राहून नाव पुकारलं जायची वाट बघावी लागली असती. मेलो तरी त्या फाटकावर जाणार नाही, असं मी आईला रागाच्या भरात सांगून बसलो होतो. शब्द दिला की मागे फिरायचं नाही, ही माझी तेव्हाची खोड.

दार मोठं लबाड होतं. सकाळी लावलं तर आवाज बरोबर यायचा, पण खटका धरायचा नाही. लालबागच्या वळणावर ते आपोआप उघडायचं. मग मी मूठ सुतळीनं बांधून ठेवायचो आणि पॅसेंजरला उजव्या दारानं चढायला सांगायचो. साडेदहा वाजले की तेच दार शहाण्या मुलासारखं लागायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत तक्रार नसायची.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका सकाळी मोर्चाला निघालेले पाच जण झेंड्यांसकट गाडीत कोंबून बसले. त्यांची घाई आणि माझीही, सुतळी बांधायची राहिली. परळच्या नाक्यावर दार उघडलं आणि कडेला बसलेले म्हातारे मास्तर अर्धे बाहेर गेले. शेजारच्यानं त्यांचं धोतर धरलं म्हणून वाचले. धोतर सावरत मास्तर मला म्हणाले, "अरे बाबा, मुंबई मिळेपर्यंत तरी मला जगू दे." बाकीचे हसले. मी उतरून आधी सुतळी बांधली. मला पासिंगची काळजी होतीच, त्या दिवसापासून माणसाच्या जिवाची भीतीही वाटू लागली.

माझे मिस्त्री घोडपदेवला होते. चाळिशीचे, कमी बोलणारे, रे रोडच्या वखारींचे ट्रक दुरुस्त करून हात बसलेला. शेडच्या भिंतीवर त्यांनी नुकतंच बुद्धाचं चित्र लावलं होतं आणि रोज सकाळी हात धुऊन ते पुसायचे. माझी गाडी तिथं पोचायची अकराच्या सुमाराला, सकाळचं भाडं मारून. अकरा वाजता दार ठणठणीत. तरी मिस्त्रींनी आतला पुठ्ठा काढला, मुठीपासून खटक्यापर्यंतची सळी तपासली, स्प्रिंग नवी घातली, सगळं लॉक रॉकेलमध्ये धुतलं. दोन सकाळी दार लागलं, तिसऱ्या सकाळी पुन्हा उघडलं.

मग त्यांनी एक युक्ती केली. डाव्या दाराचं लॉक काढून, धुऊन उजव्या दाराला बसवलं आणि उजव्याचं चांगलं लॉक डाव्याला. म्हणाले, "आता बघू, खोड लॉकबरोबर जाते का दाराबरोबर राहते." चार दिवसांनी पुन्हा डावंच दार उघडलं. बदनाम लॉक उजवीकडे जाऊन सुतासारखं सरळ झालं होतं आणि चांगल्या लॉकनं डावीकडे येऊन तोंड काळं केलं होतं.

माझं डोकं फिरलं. पासिंगला पाच दिवस उरले होते. मी तसाच घोडपदेवला गेलो. शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांत आमच्या चाळीखालचा वाणीही. एरवी मी मिस्त्रींना अहो-जाहो करायचो, त्या दिवशी सरळ अरे-तुरेवर आलो. "हाताला येत नसेल तर सांग ना तसं. ट्रक ठोकणारा माणूस तू, मोटारीतलं तुला काय कळतंय?" मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"गाडी सकाळी कुठं उभी असते?" त्यांनी विचारलं.

"चाळीसमोर. दुसरीकडे कुठं असणार?"

"उद्या सहाला येतो. बिघडलेलं असताना बघितल्याशिवाय मला कळायचं नाही."

मला वाटलं, येत नाहीत. पण ते सहाला पाच कमी असताना आले, कानाला मफलर गुंडाळून, चालत. थंडी चांगलीच होती. गाडी नेहमीप्रमाणे डावी बाजू चाळीच्या ओट्याला लावून उभी होती. मिस्त्रींनी दार लावलं, ते उघडलं. त्यांनी खटका बोटानं दाबला, तो आत गेला आणि बाहेर यायचं नावच घेईना. त्यांनी करंगळी आत घालून बाहेर काढली. नखावर पांढरं, मेणासारखं काहीतरी होतं. ते त्यांनी बोटांत चोळलं तर त्याचं पाणी झालं. वास घेतला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं.

"हे माझ्या शेडमधलं तेल नाही रे," ते म्हणाले.

खोबरेल. लहानपणापासून माझ्या डोक्यावर थापलेलं. थंडीत बाटलीत गोठतं म्हणून रोज सकाळी मी बाटली चुलीजवळ धरायचो आणि मग भांग पाडायचो. त्या दिवशीही धरली होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. अकरा वाजेपर्यंत ते वितळायचं, आणि वितळल्यावर मिस्त्रींना तरी काय दिसणार, तेलात तेल.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. आई चूल फुंकत होती.

"गाडीच्या दाराला तेल कोण घालतं?"

"मी घालतंय," ती सहज म्हणाली. "दिवाळीपासून. दार कुरकुरता म्हणान. रोज दिवेलागणीक दोन थेंब. मगे तुझा ता पासिंग नापास झाला, तेव्हापासून जरा जास्ती घालतंय. गावाक सगळ्याक ह्याच तेल."

मी ओरडलो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुझ्यामुळे माणूस मरता मरता वाचला, हे मात्र बोललो. ती फुंकणी हातात धरून बसून राहिली. ओट्याच्या बाजूचं तेवढंच दार तिच्या हाताला येत होतं, म्हणून तेवढंच बिघडत होतं. रोज सकाळी माझी कटकट ऐकून ती रोज संध्याकाळी थेंब वाढवत होती.

खाली आलो तर मिस्त्रींनी लॉक काढून रॉकेलमध्ये टाकलं होतं. त्यांनी वरचा सगळा आरडाओरडा ऐकला असणार. लॉक बसवून त्यांनी मशीनच्या तेलाची छोटी कुपी काढली आणि माझ्याकडे न देता स्वतः वर जाऊन आईला दिली. "आई, घालायचंच असेल तर हे घाला. आठवड्यातून एक थेंब." आईनं त्यांना चहा दिला. आमच्या मजल्यावर त्यांच्या समाजाच्या माणसासाठी वेगळा कप काढायची रीत अजून गेली नव्हती. आईनं वडिलांचा कप काढला.

पासिंगच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आठ वाजता साहेबानं दार लावलं. ते लागलं. त्यानं आतून ढकललं, बाहेरून ओढलं, खांदा लावला. मग वहीत सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मी परत आलो तेव्हा आई नाक्यावर उभी होती. तिनं पासिंगचा कागद मागितला नाही. माझ्या गाडीत ती तोवर कधी बसली नव्हती, त्या दिवशी डावं मागचं दार उघडून बसली आणि दार ओढून घेतलं.

"चल. घोडपदेवाक."

"आता? कशाला?"

"ते मिस्त्री तुका काय बोलले नाय. पण तू तेंका चार माणसांत बोललंस, ह्या माका खालच्या वाण्यान सांगितल्यान. आता चार माणसांत माफी माग. मी बघतंय."

मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ. ती म्हणाली, मी गाडीतून उतरत नाय. ती उतरली नसतीच, हट्ट मला कुणाकडून मिळाला हे मला ठाऊक होतं.

शेडमध्ये दोन ट्रकवाले आणि एक टांगेवाला होता. मिस्त्री एका ट्रकखाली होते. मी खाली वाकून म्हटलं, "मिस्त्री, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. दोष तुमचा नव्हता, आमच्या घरचा होता. माफ करा."

ते सरपटत बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "बरं. गाडी जरा बाजूला घे, ट्रक काढायचाय."

मी वळलो. आईनं काच खाली केली होती.

"माका ऐकाक नाय इला," ती म्हणाली. "मोठ्यान सांग."

मी परत फिरलो आणि मोठ्यानं सांगितलं.