खुंटीवरचा कप

लोक हसले. वाईट हसले न्हाईत. कौतुकानं हसले. म्हणून जास्त लागलं.

जर्मनीतलं एक शहर. बंद पडलेल्या कारखान्यात केलेलं चित्रांचं दालन. माझ्या चित्राजवळ मी उभी होते. समोर खुर्च्यांवर गोरी माणसं, हातात वाइनचे ग्लास. मी मराठीत बोलायचं आणि बाजूला उभ्या पुण्याच्या मॅडमनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरल्तं.

चित्र मोठं होतं. चहाच्या काळ्या पाण्यानं काढलेलं. हॉटेलची वळचण, तिथं एक खुंटी, खुंटीला अडकवलेला एक कप. बाकी कागद कोरा.

मी म्हणले, "हा माझ्या बापाचा कप हाय. बाजारातला हॉटेलवाला आम्हाला आतला कप द्यायचा न्हाई. आबा बाहेर उभं राहून प्यायचे, सोताच धुवायचे आणि परत खुंटीला लावायचे."

मॅडमनी मान हलवली. इंग्रजीत म्हणाल्या, की हिच्या गावात चहाच्या दुकानात माणसामाणसाचा खास कप असतो, आणि हा हिच्या वडिलांचा. स्पेशल कप.

पुढच्या रांगेतली एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "हाउ लव्हली."

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. स्पेशल चहा तर जालन्यात टपरीटपरीवर लिहिलेला असतो.

आमचं गाव घनसावंगीच्या बाजूला. आबा एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं कामाला होते. बाजाराच्या दिवशी मला संगं घनसावंगीला न्यायचे. मी सात-आठ वर्षांची असंन. हॉटेलाच्या फळीवर धुतलेले कप पालथे घातलेले. पांढरे, त्यावर निळी फुलं. मला ते फूल बघायचं होतं. मी हात लावला.

"ए पोरी! हात न्हाई लावायचा. तुमचा भाईर हाय."

सगळं हॉटेल माझ्याकडं बघाया लागलं. हॉटेलवाल्यानं तो कप उचलला, राखेनं घासला. माझ्या डोळ्यांसमोर घासला. आबांनी खुंटीवरचा कप काढला, वरून ओतलेला चहा घेतला आणि माझ्यापुढं धरला. "जल्दी पी," म्हणले.

मी प्याले. हे चित्र त्या चहाचं होतं.

पुढं मी शिकले. चित्रकलेचा डिप्लोमा केला. जालन्याच्या एका शाळेत ड्रॉइंगची बाई झाले. मस्तगड भागात भाड्याच्या खोलीत रात्रंदिवस कागद रंगवले. मंग कुणीतरी माझी चित्रं कुठंतरी पाठवली आणि जर्मनीतून बोलावणं आलं. दोन महिने राहायचं, काम करायचं, शेवटी दाखवायचं.

पहिला महिना मी कुणाशीच बोलले न्हाई. बोलणार कुणाशी? खोली उबदार होती, पलंग मऊ होता, नळाला गरम पाणी होतं. पण खिडकीखालून माणसं जायची ती मुकी वाटायची. दुकानात बोटानं दाखवायचं आणि हसायचं. एक दिवस भाकरी थापताना तिथलं पीठ तुटाया लागलं, तर मी पिठालाच बोलले. मोठ्यानं. "काय रं, तू बी चिकटत न्हाईस का?" माझाच आवाज ऐकून मला भ्या वाटलं.

मंग पुण्याहून मॅडम तिथंच राहायला आल्या. वयानं मोठ्या, नाव झालेल्या चित्रकार. त्यांचं मराठी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या रात्री मी तोंड दुखेपर्यंत बोलले. आबा, गाव, कप, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "किती गोड बोलतेस ग तू! 'करून राह्यले' काय, 'न्हाई' काय. अगदी मातीतलं."

मला ते तेव्हा कौतुकच वाटलं. एकट्या माणसाला काय बी कौतुक वाटतं.

म्हणजे त्यांना कपाची गोष्ट माहीत होती. सगळी माहीत होती. त्या दालनात चूक झालेली नव्हती.

लोक अजून हसत होते. मी मॅडमकडं बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "पुढं बोल. रंगांबद्दल सांग."

"तुम्ही बरोबर न्हाई सांगितलं."

"नंतर बोलू आपण. चेहरा नीट ठेव."

चेहरा नीट ठेव. आबांनी बी तेच केल्तं जनमभर.

मी माईक माझ्याकडं ओढला. इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं तर शब्दच सापडंना. शाळेत पोरांसंगं वापरायचे तेवढेच शब्द होते माझ्याजवळ.

"नो स्पेशल," मी म्हणले. "डर्टी. दे से, वुई डर्टी. माय फादर, आउटसाइड. माय फादर वॉश. मी, स्मॉल गर्ल. आय टच कप. दे वॉश आफ्टर मी."

कुणी हसलं न्हाई. टाळी बी वाजली न्हाई. छातीवर हात ठेवलेल्या बाईनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं लोक उठून दुसऱ्या चित्रांकडं गेले.

जिन्यापाशी मॅडमनी मला गाठलं. "परक्यांसमोर आपल्या देशाची अब्रू काढायची? मी सांभाळून घेत होते तुला."

"मला न्हाई मॅडम. तुम्ही त्या हॉटेलवाल्याला सांभाळून घेतलं."

"तुला पुन्हा कुणी बोलावणार नाही."

"नका बोलावू."

त्यानंतर त्या माझ्याशी मराठी बोलल्या न्हाईत. स्वयंपाकघरात समोर आल्या तर "एक्सक्यूज मी" म्हणायच्या. त्या शहरात माझी भाषा येणारं एकच माणूस होतं, ते बी गेलं. दालन चालवणारी बाई भली होती. तिनं हळूच विचारलं, 'डर्टी'च्या जागी 'डिफरंट' म्हटलं तर? मी म्हणले, नो. उरलेले दिवस रोज चित्राजवळ उभी राह्यले. जो थांबंल त्याला तेच मोडकं इंग्रजी. कुणी ऐकायचं. बरेच जण घड्याळ बघायचे.

गावी आले. वाटलं, आबांना तरी सांगावं. ओसरीत बसून सगळं सांगितलं. आबा मंग म्हणले, "माझी लाज इतक्या दूर काहून नेली तू?"

जर्मनीत मी रडले नव्हते. तिथं रडले.

"आबा, तुमची न्हाई ती लाज. ज्यानं खुंटी ठोकली त्याची हाय."

आबा उठून गोठ्याकडं गेले. आजपर्यंत त्यांनी ते चित्र बघितलेलं न्हाई. बघा म्हणून मी आता म्हणत बी न्हाई. त्यांनी जे गिळलं ते त्यांचं. मी गिळणार न्हाई.

घनसावंगीत शाळेचा हॉल मागितलाय. बाजाराच्या दिवशीच. हेडमास्तर म्हणले, "बाई, कशाला जुनं उकरता? मोर काढा, बैलजोडी काढा, गर्दी होईल." मी म्हणले, हॉल द्या, न्हाई तर शाळेच्या फाटकाला टांगते. चित्राच्या बाजूला मी सोता उभी राहीन. हॉटेलवाल्याची पोरं येतील, आबांच्या मालकाची येतील. येऊ द्या.

त्यांना मी माझ्याच बोलीत सांगीन. तिथं दुभाष्या लागत न्हाई. तिथं सगळ्यांना कळतं.